हातापायांच्या दुखापतीतील वेदना आणि शिरेतून दिली जाणारी स्थानिक भूल

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या भूलतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वस्त मंडळाने आजच्या सभेत एखाद्या वैद्यकीय विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. हृदयविकार किंवा मधुमेह यांवर आपण दरवर्षी काही ना काही ऐकतच असता. म्हणून मी असा विषय निवडला आहे की ज्याचे कुणी व्याख्यान ठेवत नाही, पण ज्याचा अनुभव या सभागृहातील बहुतेक घरांनी घेतला असेल. हात किंवा पाय मोडल्यानंतर पहिल्या दोनतीन तासांत जी कळ येते, तिचे काय करायचे?

नांदगाव हे गाव तळेरे आणि कणकवली यांच्या दरम्यान मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. तिठ्यावरून एक रस्ता देवगडकडे उतरतो, दुसरा फोंडा घाटाच्या दिशेने जातो, आणि कोकण रेल्वेचे स्थानकही येथे आहे. त्यामुळे आपल्या दाराशी येणाऱ्या दुखापती वर्षभर ऋतुमानाप्रमाणे बदलत राहतात. चैत्र-वैशाखात हापूसच्या झाडांवरून पडलेले गडी येतात. घळ हातात, एक पाय फांदीवर आणि फांदी मोडलेली. मृगाच्या सरी सुरू झाल्या की जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि मग घरातल्या वडीलधाऱ्या बायका मनगट धरून येतात. महामार्गावरील अपघातांना ऋतू नाही. किनाऱ्याकडून येणारे मच्छीमार बांधव दोरात किंवा यंत्रात बोटे चिरडलेली घेऊन येतात.

या सर्वांचे पहिले वाक्य जवळजवळ सारखेच असते. "डॉक्टरांनु, आधी ही कळ थांबवा." एक्स-रे, प्लास्टर, शस्त्रक्रिया, खर्च हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

आणि नेमकी हीच मागणी आपल्या देशात बहुतेक ठिकाणी सर्वांत शेवटी पुरी होते. "आधी तपासू, मग इंजेक्शन देऊ, दुखणे मारले तर निदान चुकेल" अशी एक जुनी समजूत आहे. ती पूर्णपणे निराधार नाही. मोडलेल्या हाडाखाली नाडी लागते का, बोटांना स्पर्श कळतो का, बोटे हलतात का, हे वेदनाशामक देण्यापूर्वी पाहून कागदावर लिहून ठेवलेच पाहिजे. परंतु या तपासणीला दोनतीन मिनिटे लागतात, दोनतीन तास लागत नाहीत. तेवढी नोंद झाल्यावर माणसाला तळमळत ठेवण्याला कोणताही शास्त्रीय आधार उरत नाही. उलट तीव्र वेदनेने रक्तदाब व नाडीचा वेग वाढतो, श्वास उथळ होतो, आणि वृद्ध, हृदयरोगी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट अंगाशी येऊ शकते.

मग वेदना थांबवायची कशाने? अर्थातच सुरुवात साध्या गोष्टींनी होते. मोडलेला भाग फळीला नीट बांधणे, उंच ठेवणे, योग्य मात्रेत पॅरासिटामॉल देणे. केवळ फळी नीट बांधल्याने किती आराम पडतो हे पाहून नवे डॉक्टर दरवेळी चकित होतात. पण हाड बसवायचे असेल तर एवढ्याने भागत नाही. मॉर्फिन हे जगभरात यासाठी वापरले जाणारे औषध. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते ठेवण्याची प्रक्रिया फार किचकट होऊन बसली होती. 2014 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी ती सोपी करण्यात आली, तरीही ग्रामीण भागातील अनेक छोट्या रुग्णालयांच्या कपाटात मॉर्फिन आजही नसते. 2018 पासून ट्रामाडॉलही या कायद्याच्या कक्षेत आले. कायदा नको असे माझे म्हणणे नाही; व्यसनाचे दुःख आपण जाणतो. परंतु पाय मोडलेल्या माणसाला या वादाशी काही देणेघेणे नसते.

येथे मला एका जुन्या पद्धतीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडी बधिर करण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते आपण सर्वजण जाणता. त्याचे शास्त्रीय नाव लिडोकेन किंवा लिग्नोकेन, आणि बोलीतले नाव झायलोकेन. निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी ते 1943 मध्ये तयार केले, आणि 1948 मध्ये ते बाजारात आले. मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश पुढे जाण्यासाठी सोडियमचे कण ज्या सूक्ष्म द्वारांतून आत शिरावे लागतात, ती द्वारे हे औषध काही काळ बंद करते. संदेश निघतो, पण पुढे पोहोचत नाही. हिरडीत टोचले तर हिरडी बधिर होते. मग तेच औषध शिरेत सोडले तर?

हा प्रश्न लिडोकेनच्याही आधीचा आहे. जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बियर यांनी 1908 मध्ये बर्लिन येथील शल्यचिकित्सकांच्या परिषदेत त्याचे उत्तर मांडले. हे तेच बियर, ज्यांनी 1898 मध्ये पाठीच्या कण्यातून भूल देण्याची पद्धत प्रचारात आणली. तरुणपणी ते कील येथे एस्मार्क या नामवंत सर्जनचे सहायक होते, आणि एस्मार्क यांचा रबरी पट्टा घट्ट गुंडाळून हातातील रक्त वर सारण्याची युक्ती त्यांनी तेथे जवळून पाहिली होती. रक्त वर सारलेल्या हातावर वरून पट्टा आवळायचा आणि रिकाम्या झालेल्या शिरेत प्रोकेन हे त्या काळचे औषध भरायचे, ही त्यांची कल्पना. पट्ट्याखालचा सगळा भाग बधिर झाला. पुढे ही पद्धत जवळजवळ विस्मरणात गेली. 1963 मध्ये न्यूझीलंडचे डॉक्टर होम्स यांनी लिडोकेन वापरून तिला पुन्हा जीवदान दिले, आणि तेव्हापासून ती जगभरातील अपघात विभागांत 'बियर ब्लॉक' या नावाने ओळखली जाते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा श्रावणातल्या एका सकाळी पासष्ट वर्षांची एक आजी पेज घेऊन परसात निघाली आणि पायरीवरून घसरली. पडताना हात टेकला गेला आणि मनगट मोडून जेवणाच्या काट्यासारखा बाक आला. आयर्लंडच्या कॉलिस यांनी 1814 मध्ये वर्णिलेले हेच ते हाड. ते ओढून बसवायचे आहे. पूर्ण भूल द्यावी तर पोटात पेज आहे, आणि दुखापतीनंतर जठर इतके मंदावते की "सहा तास झाले" या हिशेबावर विसंबता येत नाही. उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर हाड बसवायला आलेली आजी न्यूमोनियाने आजारी पडायची. वरून तिला दम्याचा त्रास. अशा वेळी मोडलेल्या जागीच औषध टोचण्याचा सोपा मार्ग पुष्कळ ठिकाणी वापरतात. पण मनगटाच्या या अस्थिभंगावरील 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात असे दिसून आले की त्या मार्गाने वेदनेवर मिळणारा ताबा बियर पद्धतीपेक्षा उणा पडतो.

बियर पद्धतीत आजीच्या दुखऱ्या हाताच्या पंज्यावरील शिरेत एक सुई बसवली जाते आणि दुसरी सुई चांगल्या हातात. ही दुसरी सुई कशासाठी, असे नातेवाईक हटकून विचारतात; ते पुढे येईलच. रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखाच, पण दोन कप्पे असलेला हवेचा पट्टा दंडावर बांधतात. हात उंच धरून, शक्य असेल तर रबरी पट्टी गुंडाळून रक्त वर सारतात. अस्थिभंगाची कळ फार असेल तर पट्टी न गुंडाळता नुसता हात तीनचार मिनिटे उंच धरला तरी चालते, आणि माझ्या मते आजीच्या बाबतीत तेच योग्य. मग पट्ट्यात हवा भरतात, साधारणपणे रुग्णाच्या वरच्या रक्तदाबापेक्षा 100 मिलिमीटर जास्त. मनगटाची नाडी थांबली आहे याची बोटाने खात्री करतात. त्यानंतरच औषध.

मात्रेचा हिशेब मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा धोका त्यात दडलेला आहे. शरीराच्या दर किलो वजनाला 3 मिलिग्रॅम लिडोकेन. आजीचे वजन 60 किलो धरले तर 180 मिलिग्रॅम. बाटलीतील 2 टक्के औषधाचे 9 मिलिलीटर घेऊन त्यात 27 मिलिलीटर सलाइन मिसळले की अर्ध्या टक्क्याचे 36 मिलिलीटर द्रावण तयार होते. औषध अॅड्रिनॅलिनविरहित आणि टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांशिवायचे असावे लागते. ते हळूहळू शिरेत सोडले की हातावर पांढुरके, चट्ट्याचट्ट्यांचे डाग उमटतात. नातेवाईक ते पाहून घाबरतात. त्यात काळजीचे काही नाही. पाचदहा मिनिटांत हात जड व उबदार वाटू लागतो. "हात माझो नाय असा वाटता," असे रुग्ण सांगतात, आणि पाठ्यपुस्तकातील कोणत्याही व्याख्येपेक्षा मला हे वर्णन नेमके वाटते. आजी जागी असते, बोलत असते, आणि आपले हाड बसताना पाहू शकते. बहुतेकजणी पाहत नाहीत.

आता त्या धोक्याकडे वळतो. हाड पाच मिनिटांत बसले, प्लास्टर पंधरा मिनिटांत झाले, म्हणून पट्टा लगेच सोडायचा नसतो. औषध दिल्यापासून निदान 20 मिनिटे तो फुगलेलाच राहिला पाहिजे. कारण त्या 180 मिलिग्रॅमपैकी बराचसा भाग तोवर शिरांमध्येच असतो, मांसपेशींत पुरेसा मुरलेला नसतो. पट्टा लवकर सोडला, किंवा त्याच्या नळीतून हवा हळूच गळत राहिली आणि कुणाचे लक्ष नव्हते, तर हे सगळे औषध एकदम हृदयाकडे आणि मेंदूकडे धावते. ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानांत घणघण होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तेथे थांबले तर नशीब. पुढची पायरी झटक्यांची आणि त्यापुढची हृदय थांबण्याची. चांगल्या हातातील दुसरी सुई यासाठी असते. प्राणवायू, झटके थांबवणारे औषध, आणि 20 टक्क्यांचे स्निग्ध द्रावण तेवढ्याच वेळात हाताशी असावे लागते. हे द्रावण मूळचे शिरेतून पोषण देण्यासाठीचे. ते स्थानिक भुलीच्या विषबाधेवर उतारा ठरते, असे 1998 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत प्रथम दिसले आणि 2006 मध्ये माणसावरील पहिल्या यशाची नोंद झाली. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला दीड मिलिलीटर, मिनिटभरात.

ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या पद्धतीने भूल दिलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूंची नोंद झाली. त्यात बुपिव्हाकेन हे अधिक काळ टिकणारे, पण हृदयाला अधिक जाचक औषध वापरले गेले होते. तेव्हापासून बियर पद्धतीत बुपिव्हाकेन वर्ज्य आहे. त्या मृत्यूंच्या चौकशीतून एक साधी शिस्त पक्की झाली: भूल देणारा एक आणि हाड बसवणारा दुसरा. एकाच डॉक्टरने दोन्ही कामे करायची नाहीत. मनुष्यबळ कमी असलेल्या छोट्या रुग्णालयात हा नियम सर्वांत आधी मोडतो, आणि माझ्या मते तो मोडण्यापेक्षा रुग्णाला फळी बांधून, वेदनाशामक देऊन पुढे कणकवलीला किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलेले बरे.

पट्टा बराच वेळ राहिला की तोच दुखू लागतो. अर्ध्यापाऊण तासानंतर रुग्ण हाड विसरतो आणि पट्ट्याबद्दल तक्रार करतो. दोन कप्पे असतात ते यासाठी; आधी वरचा फुगवलेला, नंतर बधिर भागावरील खालचा फुगवून वरचा सोडायचा. हा क्रम उलटा झाला तर काय होईल हे मी वेगळे सांगत नाही. आणि पट्टा सोडल्यावर पाचदहा मिनिटांतच संवेदना परत येते, तिच्यासोबत वेदनाही. म्हणून पुढच्या वेदनेची गोळी किंवा इंजेक्शन पट्टा सोडण्यापूर्वीच द्यायला हवे. पुष्कळ ठिकाणी हे राहून जाते.

पायासाठी ही पद्धत फारशी सोयीची नाही. मांडीवर पट्टा बांधला तर औषध जास्त लागते आणि धोका वाढतो. खुब्याचे किंवा मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धांना जांघेजवळील मज्जातंतूभोवती औषध देणे अधिक श्रेयस्कर, आणि ते सोनोग्राफी यंत्राच्या मदतीने केले तर अचूक जमते. येथे आपल्या देशातील एक अडचण येते. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी व हिशेब काटेकोर ठेवावा लागतो, मग ते यंत्र मज्जातंतू पाहण्यासाठी असले तरीही. कायद्यामागील हेतू वंदनीय आहे; कागदपत्रे आम्ही भरू.

सभेपूर्वी एका विश्वस्तांनी मला विचारले होते, की हल्ली म्हणे हेच औषध पट्ट्याशिवाय, सरळ सलाइनमधून देतात आणि सर्वांगाची वेदना कमी होते. मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. लिडोकेन हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता थांबवण्यासाठी शिरेतून दिले जात आले आहे, आणि कमी मात्रेत, म्हणजे दर किलोला दीड मिलिग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू दिले तर काही रुग्णांची वेदना उतरते हेही खरे. 2018 मध्ये इराणमधील एका आपत्कालीन विभागातून हातापायांच्या दुखापतीच्या 50 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लिडोकेनने मॉर्फिनच्या तोडीचा आराम दिल्याचे दिसले. आशादायक आहे. पण 50 रुग्णांतून दुर्मीळ अपाय कळत नाहीत. पोटाच्या व इतर शस्त्रक्रियांतील वापराविषयीच्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्याने तर फायद्याबद्दल खात्री देता येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि ब्रिटनमधील तज्ज्ञांनी नंतर अशा वापरात कडक देखरेखीचा आग्रह धरला. आपल्या आजीला या मार्गाने 90 मिलिग्रॅम मिळतील, पट्ट्यामागे कोंडलेल्या मात्रेच्या निम्मे. मात्र ते थेट रक्तात. त्यासाठी हृदयाची लय दाखवणारे मॉनिटर सतत चालू हवे, अपस्मार किंवा हृदयाचा विद्युत्‌दोष असलेल्यांना ते टाळायला हवे, आणि यानेही हाड बसवण्याइतकी बधिरता येत नाही ती नाहीच. मॉर्फिन चालत नाही अशा निवडक रुग्णासाठी, मॉनिटरखाली, मी त्याचा विचार करीन. सर्रास नाही.

बियर पद्धतही सर्वांना चालत नाही. सिकल सेलचा आजार, हाताचा चेंदामेंदा झालेली जखम, अतिशय वाढलेला रक्तदाब अशा स्थितीत ती टाळावी लागते. पोटरी किंवा पुढचा हात कमालीचा ताणून सुजला असेल, बोटे नुसती ताणली तरी किंकाळी फुटत असेल, तर ती कळ बधिर करून झाकण्याची नसते. आत दाब वाढून स्नायू मरत चालल्याची ती खूण असते आणि तेथे सर्जनला तातडीने बोलवावे लागते.

कोकणातल्या छोट्या जागी राहून नेटके वैद्यकीय काम करता येत नाही, असे कुणी म्हणाले की मला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवतात. 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे रक्तदाब, नाडी, वेळ हे खाटेशेजारी बसून लिहून ठेवले, आणि त्यातूनच 1982 पासून 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर रूढ झाले. त्यांच्याजवळ मोठे यंत्र नव्हते, वही होती. आपणही प्रत्येक बियर ब्लॉकसाठी एक पान ठेवतो: वजन, मात्रा, पट्टा फुगवल्याची वेळ, सोडल्याची वेळ, कुणी सोडला. शेवटचा रकाना माझ्या आग्रहावरून आहे.

देणगीदारांना मी औषधासाठी काही मागत नाही. लिडोकेन स्वस्त आहे आणि ते कुठेही मिळते. मागायचे आहे ते दोन कप्प्यांचा, हवेचा दाब स्वतः राखणारा आणि गळती झाल्यास आवाज करणारा पट्टा, जुन्या हातपंपाच्या पट्ट्याऐवजी. अपघात विभागात एक जादा मॉनिटर. आणि स्निग्ध द्रावणाच्या बाटल्या, ज्या बहुधा वापरल्याच जाणार नाहीत, मुदत संपली की फेकाव्या लागतील आणि दरवर्षी नव्याने घ्याव्या लागतील. हिशेब तपासणाऱ्यांना हा खर्च वाया गेल्यासारखा दिसेल, म्हणून विश्वस्तांच्या कानावर आधीच घालून ठेवतो.

आप्तेष्टांना दोनच विनंत्या. दुखापत झालेल्या माणसाला वाटेत चहा-पाणी देऊ नका, आणि त्याच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, विशेषतः हृदयाच्या आणि फिटच्या. हाड बसवून झाल्यावर आम्ही पट्टा सोडत नाही आणि नुसते घड्याळ पाहत बसलो आहोत असे आपल्याला वाटेल. तेव्हा घाई करू नका, आणि आजीशी गप्पा मारत राहा. ती नीट उत्तरे देते आहे ना, हे आम्हालाही ऐकायचे असते.